ड्रेसिंग टेबलवरचा जुना ब्रिटिश व्हॅनिटी सेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, एखाद्या बंगल्यातलं सामान निघतं तेव्हा, नाहीतर लेस्टर-लंडनकडच्या मावशीच्या घरी हे सेट दिसतात. पाठीवर नक्षी असलेला ब्रश, तशाच नक्षीचा हातात धरायचा आरसा, कंगवा आणि खाली ट्रे. मग फोटो येतात आणि प्रश्न सुरू होतात. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ती साधारण १९३५ ते १९६५ या काळातल्या ब्रिटिश सेटना धरून आहेत. अमेरिकन किंवा युरोपीय सेटचा उल्लेख गरजेपुरता.

सेटमध्ये नेमकं काय काय असतं?

कमीत कमी तीन वस्तू असतात: हातआरसा, केसांचा ब्रश आणि कंगवा. चौथी वस्तू म्हणजे कपड्यांचा ब्रश. आपल्याकडे त्याचा उपयोगच कळत नाही, त्यामुळे तो बूट पुसायला गेलेला असतो. लोकरीचे कोट रोज धुता येत नाहीत, म्हणून बाहेर पडताना खांद्यावरची धूळ, केस झटकायला तो लागे. पुष्कळदा सेटमध्ये दोन कपड्यांचे ब्रश असत.

यापलीकडे ट्रे, पावडरचा डबा आणि पफ, नखं चमकवायची चामड्याची गादी, बूट चढवायची पट्टी, अंगठ्या अडकवायचं झाडासारखं स्टँड, अत्तर फवारायची बाटली असं काहीही असू शकतं. बाटलीचा रबरी फुगा आज हमखास कडक होऊन चिरलेला सापडतो. तो बदलला तरी वस्तूचं काही बिघडत नाही. झाकणाला भोक असलेला गोल डबा मिळाला तर तो बहुधा विंचरताना गळलेले केस साठवायचा असतो आणि या काळाच्या आधीचा असतो. त्या केसांची गंगावणासारखी भर बनवून अंबाड्यात घालत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर बायकांनी केस कापले आणि डब्याचं काम संपलं.

टेबलही या सेटमध्ये धरतात का?

अमेरिकेत टेबल, आरसा आणि स्टूल मिळूनही व्हॅनिटी सेट म्हणतात, त्यामुळे ऑनलाइन शोधताना गोंधळ होतो. ब्रिटनमध्ये टेबल वेगळं. तिथल्या पन्नाशीच्या दशकातलं लोकप्रिय टेबल मूत्रपिंडाच्या आकाराचं, वर काच आणि भोवती झालरीचा पडदा असलेलं असे. जी-प्लॅन या ब्रिटिश छापासारखं साधं, आधुनिक फर्निचर १९५३ पासून बाजारात आलं आणि झालर हळूहळू गेली. टेबलांबद्दल इथे एवढंच.

युद्धामुळे या सेटमध्ये काय फरक पडला?

फार मोठा. १९३९ पर्यंत चांगल्या घरात चांदीच्या पाठीचा सेट असणं नवलाचं नव्हतं. ऑक्टोबर १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने परचेस टॅक्स आणला. सुरुवातीला चैनीच्या वस्तूंवर तो घाऊक किमतीच्या एक तृतीयांश होता, १९४३ पर्यंत चैनीच्या वरच्या गटावर शंभर टक्क्यांवर गेला. धातू युद्धसामग्रीकडे वळले, कारखान्यांवर निर्बंध आले. १९४२ मध्ये साध्या, ठरावीक नमुन्यांच्या ‘युटिलिटी’ फर्निचरची योजना सुरू झाली ती १९५२ पर्यंत चालली. लढाई संपल्यावरही चांगला माल आधी निर्यातीला जाई, कारण देशाला डॉलर हवे होते.

म्हणून १९५० च्या आसपासचे सेट हातात घेतले की वजन कमी लागतं. चांदीच्या जागी क्रोमचा नाहीतर सोनेरी मुलाम्याचा पातळ पत्रा, हाडाच्या जागी प्लास्टिक, हाताच्या भरतकामाच्या जागी बऱ्याचदा छापील कापड. काही संग्राहक याला नाक मुरडतात. मला मात्र हाच काळ जास्त आवडतो. दहा वर्षं रेशनवर काढलेल्या लोकांनी पातळ पत्र्यावर किती हौस केली आहे, ते बघण्यासारखं आहे.

इतके जुने असून पुष्कळ सेट कोरे कसे सापडतात?

कारण ते वापरण्यासाठी घेतलेच नव्हते. ब्रिटनमध्ये १९७० सालापर्यंत सज्ञान होण्याचं वय एकवीस होतं. मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाला किंवा लग्नात द्यायची ही ठरलेली भेट. सॅटिनचं अस्तर लावलेल्या पेटीत सेट यायचा, ट्रेसकट टेबलावर मांडला जायचा, आणि रोजचे केस साध्या ब्रशने विंचरले जायचे. पाहुण्याला दिसावा म्हणूनच तो असे.

विकत घेताना हे लक्षात ठेवलं की बऱ्याच गोष्टी सुटतात. कारखानदाराने खर्च दिसणाऱ्या बाजूवर, म्हणजे पाठीवर केला आहे. केसांत जाणारी बाजू, मूठ, जोड, आतलं भरण यांत काटकसर आहे. म्हणून नक्षी बघून हरखू नका. वस्तू उलटी करा, जोडाकडे बघा, वास घ्या आणि ती कशाची आहे ते आधी ठरवा.

मग ती कशाची आहे हे ओळखायचं कसं?

सर्वांत आधी एक धोक्याची सूचना. इंटरनेटवर तापवलेली सुई टोचून प्लास्टिक ओळखायचा सल्ला सर्रास दिलेला असतो. तो ऐकू नका. सेल्युलॉइड नायट्रोसेल्युलोजपासून बनतं आणि ते भडकन पेटतं.

त्याऐवजी अंगठ्याने एखादी कोपऱ्यातली जागा चांगली गरम होईपर्यंत घासा आणि लगेच वास घ्या. देवघरात येतो तो कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. यात उपमा काही नाही, सेल्युलॉइड मऊ ठेवण्यासाठी त्यात खरोखरच कापूर घालत. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या सुमारास ते बाजारात आणलं. त्याआधी अलेक्झांडर पार्क्स यांनी १८६२ च्या लंडन प्रदर्शनात तसाच पदार्थ मांडला होता. ब्रिटनमध्ये १८७७ मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश झायलोनाइट कंपनी ते बनवी. तिचं ‘हॅलेक्स’ हे नाव जुन्या कंगव्यांवर आणि टेबल टेनिसच्या चेंडूंवर दिसतं.

कार्बोलिक साबणासारखा उग्र वास आला तर बेकेलाइट. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये ते शोधलं. ते जड असतं आणि आपटलं तर भरीव वाजतं. पिवळट किंवा गर्द तपकिरी मुठी बहुधा याच्या. जळक्या दुधाकडे झुकणारा वास आला तर ते दुधातल्या केसीनपासून बनवलेलं प्लास्टिक. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड गावात ‘एरिनॉइड’ नावाने ते तयार होई. मोत्यासारखी झाक असलेल्या गुलाबी, फिकट हिरव्या कंगव्यांत ते सापडतं. ते पाणी शोषतं, म्हणून कधीही भिजवू नका.

वासच नसेल, वस्तू काचेसारखी पारदर्शक आणि काचेपेक्षा हलकी, कोमट लागत असेल तर ते अॅक्रिलिक: ब्रिटनमध्ये पर्स्पेक्स, अमेरिकेत ल्युसाइट. दोन्ही तिशीच्या दशकातले शोध. या काळाला शोभणारं आणि टिकायला सगळ्यांत चांगलं प्लास्टिक हेच. फक्त त्यावर स्पिरिट, सेंट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, बारीक भेगांचं जाळं उठतं.

सेल्युलॉइडला आंबूस वास येतोय आणि शेजारच्या धातूवर हिरवं चढलंय. काय करू?

ते सडायला लागलंय. त्यातून आम्लाची वाफ निघते, ती धातू खाते आणि शेजारच्या सेल्युलॉइडलाही बाधा करते. तुकडा बाकीच्यांपासून आजच वेगळा काढा. हवाबंद डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. सच्छिद्र कागदात गुंडाळून, हवा खेळेल अशा थंड जागी, उन्हापासून आणि देवघरापासून लांब ठेवा. भेगा पडून चुरा होऊ लागला असेल तर त्यावर इलाज नाही.

चांदीचा आहे का, कसं कळेल?

आरशाच्या कडेला किंवा ब्रशच्या पाठीच्या काठावर ओळीने बारीक शिक्के शोधा. इंग्लंडमधल्या खऱ्या चांदीवर निदान चार तरी असतात: बनवणाऱ्याची आद्याक्षरं, एक पंजा उचलून चालणारा सिंह, शहराचं चिन्ह आणि वर्षाचं अक्षर. सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. शहराच्या चिन्हात नांगर दिसला तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, आणि मुकुट म्हणजे शेफील्ड. पण हा मुकुट १९७४ पर्यंतचाच, त्यानंतर शेफील्डने गुलाब घेतला. या प्रकारचे सेट बहुतेक बर्मिंगहॅमचे, म्हणून नांगर सर्वांत जास्त दिसेल. (बंदरापासून इतक्या लांबच्या शहराला नांगर का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन्ही शहरांना १७७३ मध्ये एकदमच चांदी तपासण्याचं कार्यालय मिळालं. त्यासाठीची खटपट लंडनच्या ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत चालली होती आणि दोन्ही चिन्हं तिच्या पाटीवरून घेतली, असं सांगतात.)

वर्षाचं अक्षर वाचताना नुसतं अक्षर पुरत नाही. अक्षराचं वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकार बघावा लागतो, कारण तीच बाराखडी पुन्हा पुन्हा येते. त्यातही प्रत्येक शहराचं कोष्टक वेगळं. दोन खुणा मात्र सोप्या आहेत. राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांचे एकाआड एक चेहरे असतील तर १९३५ च्या आसपासचा रौप्यमहोत्सवी शिक्का. एकटा एलिझाबेथ राणीचा चेहरा असेल तर तो १९५३ च्या राज्याभिषेकानिमित्ताचा.

ई.पी.एन.एस. ही अक्षरं म्हणजे चांदी नव्हे. तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन घराण्याने १८४० मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. गंमत अशी की मुलाम्यावरही अक्षरं चौकटीत घालून ओळीने ठोकत, म्हणजे दुरून हॉलमार्क वाटावा. सिंह नाही तर चांदी नाही, हा नियम इंग्लिश वस्तूंना चांगला लागू पडतो. (स्कॉटलंडचं वेगळं. एडिंबरोचा किल्ला दिसला तर जाणकाराला दाखवा.)

शिक्के खरे आहेत. सराफाला मोडीत दिला तर किती ग्रॅम भरेल?

मोडीत देऊ नका. पाठीचा पत्रा फार पातळ असतो, कागदी पुठ्ठ्याएवढा. त्याच्या आत राळ किंवा प्लास्टर भरलेलं असतं आणि खाली लाकूड. ब्रश, आरसा हातात जड लागतो तो या भरणामुळे आणि काचेमुळे. सराफ पत्रा सोलून काढेल, त्यात निघणारी चांदी पाहून तुमची निराशा होईल आणि सेट गेलेला असेल. आतल्या राळेमुळेच हे ब्रश गरम पाण्यात घालायचे नसतात. राळ मऊ पडली की पत्र्याची नक्षी अंगठ्याने दाबली जाते आणि पोचा निघत नाही. कंगव्याचंही तसंच. फक्त वरची पट्टी चांदीची, दात प्लास्टिकचे.

निळ्या-गुलाबी काचेसारख्या पाठीचा आहे, आत सूर्यकिरणांसारख्या रेषा चमकतात. ही मिनाकारीच का?

हो, पण जयपुरी मिनाकारीपेक्षा पद्धत वेगळी. आधी यंत्राने चांदीवर लाटा किंवा किरण कोरायचे आणि वर पारदर्शक मिना चढवून भट्टीत भाजायचा. रंगाच्या आतून रेषा हलल्यासारख्या दिसतात त्या त्यामुळे. बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी दोन युद्धांच्या मधल्या काळात आणि नंतरही पन्नाशीच्या दशकापर्यंत हे काम खूप केलं. आकाशी, फिकट पिवळा, गुलाबी आणि लिलाक हे आवडते रंग. माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यात सर्वांत देखणं काम हेच, आणि सर्वांत नाजूकही.

दिव्याखाली तिरकं धरून केसासारखी चीर आहे का बघा. मिना एकदा उडाला की तेवढ्याच जागी भरता येत नाही. आतली राळ आणि लाकूड भट्टीत टिकणार नाहीत, म्हणून लोक नेलपॉलिशसारख्या रंगाने डागडुजी करतात. नख फिरवलं की ती जागा मऊ, थोडी उंच लागते. स्वस्त सेटमध्ये काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिकखाली चमकीचा कागद घातलेला असतो. तोही छान दिसतो, फक्त मिन्याच्या किमतीला घेऊ नका.

फुलांचं भरतकाम असलेल्या पाठी हाताच्या असतात का?

काही असतात. व्हिएन्नाचं बारीक टाक्यांचं काम प्रसिद्ध आहे. भिंगातून बघा: प्रत्येक टाका किंचित वेगळा, धाग्याला उंची आणि रंग बदलताना धागाही बदललेला दिसला तर खरं काम. चौकोन काढल्यासारखे सारखे टाके आणि रंगाचे बारीक ठिपके दिसले तर छपाई. ब्रिटिश सेटमध्ये छापील पुष्कळ. वर संरक्षक पातळ पारदर्शक पत्रा असेल तर तो काढायच्या फंदात पडू नका, पितळी कड परत बसत नाही.

हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचा निघाला तर?

आधी खात्री करा, कारण या काळातल्या बहुतेक वस्तू नकली हस्तिदंताच्याच आहेत. सेल्युलॉइडमध्ये एकसारख्या समांतर रेषा असतात. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या कापावर रेषा एकमेकींना छेदून जाळी करतात. कासवपाठीत भिंगाखाली रंगाचे डाग बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसतात, नकलीत ढवळलेल्या रंगासारखे पट्टे.

खरं निघालं तर विकायचा आणि आणायचा विचार सोडा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनी भारतीय आणि आफ्रिकन, दोन्ही हस्तिदंतांचा व्यापार बंद झाला. ब्रिटनमध्येही जून २०२२ पासून मोजके अपवाद सोडले तर विक्रीला बंदी आहे. कासवपाठ ज्या समुद्री कासवाची असते त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. मावशीने प्रेमाने दिलं म्हणून कस्टम्सवाले ऐकत नाहीत.

काचेचा ट्रे, दोन मेणबत्तीदाण्या, अंगठ्यांचं स्टँड, डब्या... हाही व्हॅनिटी सेटच ना?

त्याला तिकडे ट्रिंकेट सेट म्हणतात. ब्रश-आरशाशी त्याचा शेजार असतो इतकंच. साच्यात दाबलेल्या हिरव्या, गुलाबी, अंबर काचेचे हे सेट तिशीच्या दशकात घरोघर होते. इंग्लंडमध्ये गेट्सहेडच्या सोअर्बी आणि डेव्हिडसन, सन्डरलंडच्या जॉब्लिंग आणि यॉर्कशरमधल्या बॅगली या कारखान्यांचा माल प्रसिद्ध. चेकोस्लोव्हाकिया आणि जर्मनीतूनही खूप आला.

हिरवी काच अतिनील टॉर्चखाली भगभगीत चमकली तर तिच्यात युरेनियम आहे. घाबरू नका. शोभेला ठेवायला हरकत नाही, फक्त त्यात खाऊ नका आणि फुटली तर हातमोजे घालून गोळा करा. युद्धात युरेनियमचा वापर सरकारी ताब्यात गेला, त्यामुळे अशी काच बहुधा त्याआधीची.

पावडरचा छोटा कॉम्पॅक्ट सेटसोबत मिळाला. तो त्यातलाच का?

बहुधा नाही, कॉम्पॅक्ट पर्समधली वस्तू. पण बर्मिंगहॅमचा स्ट्रॅटन कॉम्पॅक्ट असेल तर झाकण उघडून बघा. बाहेरचं झाकण उघडताच आतलं आपोआप उचललं जातं, म्हणजे नख मोडत नाही. १९४८ नंतरची ही युक्ती अजून चालू असेल तर ठेवून द्या.

मागे एक लांबलचक नंबर आहे. त्यावरून वर्ष कळतं?

‘रजिस्टर्ड’ या शब्दाच्या लघुरूपानंतर आकडा असेल तर तो ब्रिटिश डिझाइन-नोंदणीचा. ही मालिका १८८४ मध्ये एकपासून सुरू झाली आणि १९५० च्या सुमारास साडेआठ लाखांच्या पुढे पोचली होती. हे वर्ष नमुना नोंदवल्याचं. तोच नमुना पुढे कितीतरी वर्षं बनत राहू शकतो.

‘ऑक्युपाइड जपान’ लिहिलेलं असेल तर युद्धानंतरपासून १९५२ पर्यंतचा माल, ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ नंतरचा. आणि ब्रशचे केस नायलॉनचे असतील तर १९३८ च्या आधीचा नक्कीच नाही, कारण ड्यूपाँचं नायलॉन त्याच वर्षी, टूथब्रशच्या केसांच्या रूपात, बाजारात आलं. उलट नियम मात्र लागू होत नाही. डुकराच्या केसांचे ब्रश आजही बनतात.

हे सेट आपल्याकडे आले कुठून?

काही साहेब लोकांबरोबर आले आणि त्यांच्या जाण्यावेळी लिलावात राहिले. काही मुंबईतच विकत घेतलेले. काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स होतं, हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रोडवर, व्हाइटअवे लेडलॉ. त्या दुसऱ्या इमारतीत पुढे खादी भांडार आलं. पारशी, गोवन आणि बऱ्यापैकी पगाराच्या सरकारी नोकरांच्या घरी असे सेट पोचले ते अशा दुकानांतून.

मराठी घरात त्याआधी फणेरपेटी होती. झाकणाच्या आत आरसा, खणांत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. जमिनीवर बसून समोर घ्यायची, वेणीफणी झाली की बंद करून कोनाड्यात ठेवायची. इंग्रजी सेट मात्र चोवीस तास टेबलावर उघडा. तो मांडायला आधी टेबल लागतं, टेबलाला खोली लागते, आणि खोलीचं दार लावून घेता यायला लागतं. म्हणून चाळीतल्या घरात आला तरी तो बहुधा पेटीतच राहिला. तिथले सेट आज इतके स्वच्छ निघतात, त्यामागे हेही कारण असावं.

ब्रश रोज वापरता येईल का? धुवायचा कसा?

केस शाबूत असतील तर खुशाल वापरा. पण तेल लावलेल्या केसांवर नको. डुकराच्या केसांचा ब्रश टाळूचं नैसर्गिक तेल केसांच्या टोकापर्यंत ओढण्यासाठी असतो. रोज शंभर हात फिरवायचा सल्ला त्यातूनच आला. खोबरेल तेलात तो चार दिवसांत चिकट होतो आणि मग धूळ धरतो.

धुताना वाटीत कोमट पाणी आणि थोडा शाम्पू घ्या. ब्रश पालथा धरून फक्त केसांची टोकं बुडवून हलवा. पाणी लाकडाला लागू देऊ नका. साध्या पाण्यात तसंच खंगाळा आणि केस खाली करूनच सावलीत वाळवा. उताणा ठेवला तर पाणी मुळांत उतरतं, लाकूड फुगतं आणि वरचा पत्रा उचकटतो. केसांचे पुंजके उपटून येत असतील तर धुऊ नका, नुसतं मांडून ठेवा.

चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राख, विभूती... काय लावू?

यातलं काहीही नको. पितळेच्या समईला चालतं ते मुलाम्याला चालत नाही. तांब्या-पितळेच्या पावडरी तर एका घासणीत खालचा पिवळा धातू दाखवतात.

चांदीला चांदीचंच पॉलिश, मऊ सुती कापडावर, अगदी थोडं. नक्षीच्या खाचांतला काळेपणा ठेवा, त्यानेच नक्षी उठून दिसते. पॉलिश केसांत आणि भरतकामात शिरू नये म्हणून कडेला कागद धरा. क्रोमला ओलसर फडकं पुरतं. सोनेरी मुलाम्यावर बहुतेक लाखेचा पातळ थर असतो, त्याला फक्त कोरडं मऊ कापड. मिन्याला अमोनिया असलेली काच पुसायची द्रावणं लावू नका आणि सोनाराकडच्या ध्वनिलहरींच्या यंत्रात तर मुळीच घालू नका.

आरशाचा पारा उडालाय. नवी काच बसवू का?

या काळातल्या आरशामागे चांदीचा अतिशय पातळ थर असतो, त्यावर तांबं आणि रंग. कडेने ओल शिरली की काळे ठिपके पडतात. ते पुसून जात नाहीत. ठिपके थोडे असतील तर राहू द्या, पैलू पाडलेली मूळ काच आणि तिचे डाग हा वस्तूच्या खरेपणाचा पुरावा असतो. अगदीच तोंड दिसेना झालं तर काच बदला, पण जुनी फेकू नका, पेटीत ठेवा. काच काढताना कड वाकवावी लागते आणि इथेच बहुतेक आरसे बिघडतात. फोटोफ्रेमवाल्याकडे नको, घड्याळं किंवा दागिने दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

एकोणिसाव्या शतकातला आरसा असेल तर गोष्ट वेगळी. त्यात खरोखरचा पारा कथलात मिसळलेला असू शकतो. मागून चंदेरी थेंब गळताना दिसले तर हात लावू नका.

कोकणात राहतो. पावसाळ्यात कसं सांभाळायचं?

ब्रशच्या केसांवर बुरशी येते आणि त्यांना कसर लागते. लोकरीसारखेच तेही प्राण्याचे केस. ब्रश पूर्ण कोरडा करून सुती कापडात गुंडाळा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या अधूनमधून सुकवा. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडून चिकटतात. चांदीला रबरबँड लावू नका. रबरातलं गंधक जिथे टेकेल तिथे काळी रेघ उमटते. सॅटिनची पेटी ओल धरते, म्हणून जून ते सप्टेंबर सेट पेटीबाहेर ठेवलेला बरा. सेल्युलॉइडला सिलिका चालेल, हवाबंद डबा चालणार नाही.

नवा माल जुना म्हणून खपवतात का?

खपवतात. ‘व्हिक्टोरियन’ म्हणून मिळणारे जड, काळपट चंदेरी, गुलाबाच्या वेलींचे सेट पुष्कळदा आजचेच असतात. तीन ठिकाणी बघा. नक्षीच्या कडा धारदार आहेत की वितळल्यासारख्या बोथट? काळेपणा फक्त खाचांत आहे की रंग फासल्यासारखा सगळीकडे? आणि मूठ जिथे बोटं धरतात तिथे थोडी झिजली आहे का? भेटीतले सेट वापरलेले नसले तरी पुसलेले असतातच. वर्षानुवर्षं पुसल्याने उंच भाग गुळगुळीत होतात, ते नकलीत जमत नाही. चांदीवर मोठा सपाट गोल दिसला तर तिथली आद्याक्षरं घासून काढल्याची शक्यता आहे. हाताला खळगा लागतो.

किंमत कशावर ठरते?

क्रम साधारण असा: मिनाकारी चांदी, साधी चांदी, चांगलं खरं भरतकाम, बेकेलाइट-अॅक्रिलिकचे ठसठशीत नमुने, मग मुलाम्याचे आणि क्रोमचे. मूळ पेटी असेल तर किंमत चांगलीच वाढते. कुणाची आद्याक्षरं कोरलेली असतील तर घटते. मला ते पटत नाही, पण बाजार तसा आहे. एकटा आरसा विकला जातो, एकटा वापरलेला ब्रश कुणी घेत नाही. ‘मिड-सेंच्युरी’ हा शब्द लावून क्रोमच्या सेटला चांदीचा भाव सांगणारे भेटतील. नमस्कार करून पुढे जा.

इंग्लंडहून आणायचा आहे. अँटिक म्हणून सवलत मिळेल?

नाही. आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात अशा वस्तूला शंभर वर्षं पूर्ण व्हावी लागतात, १९५० चा सेट तिथे पोचायला अजून वेळ आहे. खरेदीची पावती आणि वस्तू कशाची आहे हे लिहिलेला कागद जवळ ठेवा. आरसा हातातल्या बॅगेत, काच खाली करून, कपड्यात.

कंगवा हरवलाय. दुसऱ्या सेटमधला घातला तर चालेल?

कंगवेच सगळ्यात आधी मोडतात, त्यामुळे पूर्ण दिसणाऱ्या सेटमध्येही कंगवा पुष्कळदा उसना असतो. पट्टीवरची नक्षी आणि शिक्के बाकीच्यांशी जुळतात का, ते घेतानाच बघा. स्वतःसाठी ठेवणार असाल तर रंगाला शोभेल तो घाला. विकताना मात्र खरेदीदाराला सांगा आणि पावतीवरही तसं लिहा.